टोपीचा पेपर, पगडीचा पेपर

शिंप्याच्या दुकानात संध्याकाळी झाडू मारला की मशीनखालून ओंजळभर कातरण निघते. खादीची, लठ्ठ्याची, एखाद्या जरीच्या काठाची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. आमच्या दुकानातल्या किश्श्यांचं तसंच आहे. सांगून संपले म्हणावं, तर माणसं पुन्हा येऊन बसतात आणि नवे सांडून जातात. मी सांगायला लागलो की मला आधी हसू येतं, मग मध्येच दादा आठवतो आणि पुढचं राहून जातं. म्हणून आज न थांबता भराभर सांगून टाकतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ सखाराम. रिसोडच्या बाजारात मोटार थांबते, तिच्या समोरच आमचं शिवणाचं दुकान. या भादव्यात दादा तापानं गेला. पोळ्याला त्यानं मला नवा सदरा शिवून दिला होता, त्याचे काज अजून कडक आहेत. इतक्यात गेला.

दादा सातवी पास होता. मी दुसरीत मास्तरांची छडी मोडून पळालो तो पुन्हा गेलोच नाही. वाचायचं काम त्याचं. गावात दोन पेपर यायचे आणि वाचता येणारे थोडे, म्हणून दादा शिवता शिवता सगळ्यांना वाचून दाखवायचा. पेपरांची छापील नावं कुणी घ्यायचं नाही. पांढऱ्या टोपीवाले घ्यायचे तो टोपीचा पेपर. त्यात गोऱ्या सरकारनं आज काय काय पाप केलं ते असायचं. पाटील, देशमुख, पेन्शनर घ्यायचे तो पगडीचा पेपर. त्यात सरकार लढाई कशी जिंकत चाललं आहे ते असायचं. दुकानात बाकं दोन, मध्ये मशीन. उजव्या बाकावर टोपी, डाव्या बाकावर पगडी. अशी वाटणी कुणी करून दिली नव्हती, पण उजवीकडचा माणूस चुकून डावीकडे बसला, तर तो घरी पोचायच्या आत बायकोला कळलेलं असायचं.

दादा गेला तेव्हा मला काळजी लागली ती या दोन बाकांची. कपडे काय, शिवून होतात. पण ही बाकं रिकामी झाली तर दुकानात दादाचं काय उरलं?

ते पुढं सांगतो. आधी तो होता तेव्हाचं ऐका.

* * *

दादाचा नियम एकच. एक दिवस टोपीचा पेपर आधी, दुसऱ्या दिवशी पगडीचा आधी. आणि दुसऱ्यांचा पेपर चालू असताना जो उठून जाईल, त्याला आपला पेपर ऐकायला मिळणार नाही.

आबासाहेब देशमुख हे पगडीच्या बाकाचे पुढारी. रिठदला शेती, रिसोडात घर, आणि मिशा अशा की बोलायच्या आधी त्या हलायच्या. टोपीचा पेपर त्यांना ऐकवेना आणि नियमामुळे उठताही येईना. एक दिवस त्यांनी काय केलं, कोटाच्या खांद्यात भरायला दादानं ठेवलेला कापूस घेतला, त्याचे दोन बोळे केले, कानात घातले आणि डोळे मिटले.

"वाच आता काय वाचाचं ते."

दादानं वाचायला घेतलं. मोर्चा निघाला, लाठी चालली, तुरुंग भरले. उजवं बाक सुस्कारे टाकत होतं. देशमुख मारुतीच्या मूर्तीसारखे गप्प. शेवटी कोपऱ्यात बाजारभावाची एक ओळ आली. दादानं आवाज मुद्दाम अगदी खाली आणला. "अकोल्यास कापूस उतरला."

देशमुखांनी खाडकन डोळे उघडले.

"कितीनं?"

* * *

टोपीच्या बाकाचे पुढारी रामजीकाका. धान्याची अडत, अंगावर खादी, आवाज देवळातल्या घंटेसारखा. त्यांच्या मुलीला आसेगावचं स्थळ आलं. मुलगा चांगला, शेत काळं, विहिरीला बारमाही पाणी. काका दादाला सोबत घेऊन गेले. बोलणं झालं, फराळ झाला, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. इतक्यात काकांची नजर कोनाड्यात गेली. तिथं पगडीच्या पेपरची नीट घडी घालून ठेवलेली.

"हा पेपर तुमी घेता?"

मुलाचा बाप गडबडला. "घेतो जी, पन वाचत नाई. आमच्या घरात कोनालेच वाचता येत नाई."

"मंग घेता कायले?"

"आमचे पाटील घेतात, म्हनून आमीबी घेतो."

काका उठले आणि चपला शोधायला लागले. "वाचून बिघडलेला मानूस सुधरवता येते, सखाराम," ते म्हणाले. "हा तर न वाचताच बिघडला."

दादानं त्यांना हाताला धरून खाली बसवलं. बरीच घासाघीस झाली आणि शेवटी एका अटीवर सुपारी फुटली: त्या घरी दोन्ही पेपर जातील. लग्न झालं, नातूही झाला. पेपर अजून दोन्ही जातात. वाचता अजून कुणाला येत नाही.

* * *

पेपर वाशिमच्या स्टेशनावरून करीमचाचाच्या मोटारीनं येतात. लढाईत पेट्रोल मिळेना, म्हणून चाचानं मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी बसवून घेतली. ती पेटली तर मोटार, नाही तर चार चाकांचं घर.

एक दिवस मोटार गावाबाहेर नाल्यापाशी बंद पडली. मोठी काही बातमी येणार असं दोन्ही बाकांनी ऐकलं होतं, त्यांना दम निघेना. सगळे तिकडे गेले. चाचा आत बसून म्हणाला, "धक्का मारा."

मागच्या बाजूला उजवीकडे टोपीवाले लागले, डावीकडे पगडीवाले.

"देशमुख, जोर लावा ना. का साहेबाची परवानगी लागते?"

"रामजी, तूच लाव. रोज म्हनतो देश पुढं न्याचा हाय. आंधी मोटर तं ने."

"आमी इकडून लावून राह्यलो, तुमी तिकडून मांगं ओढून राह्यले."

अशी एकमेकांची उणीदुणी काढत, घामानं भिजत, त्यांनी मोटार पार बाजारात आमच्या दुकानासमोर आणून उभी केली. दादा गळ्यात टेप घेऊन बाहेर आला. त्यानं कान दिला.

"चाचा, इंजिन तं चालू हाय."

"वो तो नाल्यापासूनच चालू हाय," चाचा म्हणाला. "पन दोन पार्ट्या एका कामाले लागलेल्या म्या जिंदगीत पाह्यल्या नव्हत्या. म्हटलं, चालू दे."

* * *

आता कोटाचा किस्सा. हा सांगताना दादा स्वतः हसून मशीनवर डोकं टेकायचा.

लढाईत जाड कागद मिळेनासा झाला, तेव्हा दादा जुन्या पेपरांवर मापं कापायला लागला. गिऱ्हाइकाच्या मापाचा कागद कापायचा, कापडावर ठेवायचा, कडेनं खडूची रेघ मारायची आणि कात्री चालवायची. मग तो कागद खुंटीला टांगून ठेवायचा, पुढच्या वेळी कामी येतो.

देशमुखांचा लांब कोट शिवायला आला. घरात लग्न होतं, जिल्ह्याचे साहेब येणार होते. पहिल्यांदा अंगावर घालून बघायला देशमुख आले. कोट चढवला, आरशात पाहिलं, मिशा खूश झाल्या. मग आरशात त्यांना मागची खुंटी दिसली, तसे ते वळले. खुंटीला त्यांच्या मापाचा कागद, आणि कागद टोपीच्या पेपरचा. बरोबर छातीच्या जागी ही एवढाली अक्षरं, देशमुखांनाही लागतील अशी: सरकारने चालते व्हावे.

देशमुखांनी कोट काढून मशीनवर ठेवला.

"साहेब, कापड तुमचंच हाय," दादा म्हणाला. "कागद फक्त वरून ठेवला होता."

"कुठं ठेवला होता?"

"छातीच्या भागावर."

"मंग झालं ना. हा कोट घालून मी साहेबापुढं उभा राहू?"

दादानं वाद घातला नाही. पगडीच्या पेपरवर नवं माप कापलं, देशमुखांच्या समोर जुनं काढून नवं टांगलं, आणि पुढच्या बाजारच्या दिवशी तोच कोट इस्त्री करून त्यांच्या हातात दिला. टाकासुद्धा उसवला नव्हता. देशमुखांनी तो घातला, दोन्ही हात फिरवून पाहिले.

"आता कसा छातीत मोकळा वाटते," ते म्हणाले. "मंघाचा घट्टच होता."

ही गोष्ट रामजीकाकांच्या कानावर गेली तेव्हा ते पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्यांनी आपल्या सदऱ्याचं माप कोणत्या पेपरवर आहे ते गुपचूप पाहून घेतलं.

* * *

दादाच्या अंत्ययात्रेला दोन्ही बाकं आली होती. मी पुढं मडकं घेऊन चालत होतो. वळणावर मागं पाहिलं, तर मध्ये दादा, रस्त्याच्या उजव्या कडेनं सगळे टोपीवाले आणि डाव्या कडेनं सगळे पगडीवाले. कुणी सांगितलं नव्हतं, सवयीनं तसे लागले होते. दुकानात मशीन असतं ना मध्ये, तसंच. मला रडता रडता हसू फुटलं. लोकांना वाटलं, पोराचं डोकं फिरलं. चाचानं येऊन माझा दंड धरला. मला त्याला सांगायचं होतं की हे दादाला दाखवायला पाहिजे, पण मडकं सांभाळत चालत राहिलो.

* * *

तेरावं झालं आणि मी दुकान उघडलं. चाचानं दोन्ही गठ्ठे आणून टाकले. दोन्ही बाकं भरली. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की वाचणारा नाही.

जरा वेळानं रामजीकाका म्हणाले, "आमचा गठ्ठा अडतीवर नेतो. तिथं दिवानजी वाचन." देशमुख म्हणाले, "आमचा माह्या ओसरीवर. तिथं जावई वाचन." दोघांनीही मला फार मायेनं सांगितलं. त्या मायेचा मला इतका राग आला की विचारू नका.

महिनाभर बाकं रिकामी. आणि वाटणी बाकांपुरती राहिली नाही. एका दुकानात बसत होते तोवर निदान रोज भांडत तरी होते. आता अडतीवरच्यांना ओसरीवर काय चाललं ते कळेना, ओसरीवरच्यांना अडतीवरचं कळेना. कळेना म्हणून जो तो मनानंच रचायला लागला. देशमुखांच्या गड्यानं काकांच्या अडतीवर ज्वारी घालणं बंद केलं. टोपीवाल्याच्या घरच्या बारशाला पगडीवाल्याची बाई गेली नाही. मी एकटा मशीन चालवायचो आणि दोन्हीकडे रिकामी लाकडं बघायचो.

एक दिवस माझं डोकं फिरलं. मोटार आली, मी धावत गेलो, चाचाच्या हातातून दोन्ही गठ्ठे ओढले, दुकानात आणले आणि त्यांच्यावर बसलो. पेपर घ्यायला आलेल्या दोन्हीकडच्या गड्यांना चाचानंच हात दाखवून सांगितलं, "वो देखो, अंडे उबवून राह्यला."

रामजीकाका आले, देशमुख आले, त्यांच्या मागं सगळे आले.

"नाम्या, पेपर दे."

"इथं बसून ऐका. दादा होता तवा ऐकत होते तसे."

"वाचन कोन?"

"मी."

कुणी हसलं नाही, हे त्यांचे उपकार. सगळे आपापल्या बाकावर बसले. मी पेपर मांडीवर उघडला, अक्षरावर बोट ठेवलं.

"स... र... का... र... ने..."

"गोळ्या घातल्या," उजव्या बाकानं सांगून टाकलं.

"धान्य वाटलं," डाव्या बाकानं सांगितलं.

"थांबा ना. ज... ना... व... रां..."

"जनावरासारखं मारलं असन," रामजीकाका उभे राहिले.

"जनावराइसाठी छावनी काढली असन," देशमुख म्हणाले. "बस खाली."

मी बोट सरकवत होतो, कपाळाला घाम. दोन्ही बाकं माझ्या बोटाकडे डोळे लावून. ओळ संपायला चहा निवण्याइतका वेळ लागला. संपली तेव्हा निघालं ते एवढंच: सरकारने जनावरांच्या बाजारातील माशांकडे लक्ष द्यावे.

मग देशमुख म्हणाले, "हे तं खरं हाय."

"हाय," रामजीकाका म्हणाले. "लय माशा हाय."

माझ्या आठवणीत त्या दोघांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी मी मोटारीकडे गेलोच नाही. गठ्ठे आपोआप दुकानात आले आणि माणसंही आली. दादा वाचायचा तेव्हा वाक्य पूर्ण होऊन यायचं, ते एक तर गिळायचं नाही तर थुंकायचं. माझ्या वाचण्यात पुढं काय निघेल ते मलाही ठाऊक नसायचं. प्रत्येक बाकाला वाटायचं, आपण आधी ओळखू. बरोबर ओळखलं की आपल्या बाकावर थाप, चुकलं की समोरच्या बाकाकडून टाळ्या. वाशिमचा एक कापडवाला मालाचं विचारायला दारात आला, थोडा वेळ बघत राहिला, मग त्यानं चाचाला हळूच विचारलं, "हे लोक पेपर वाचून राह्यले का जुगार खेळून राह्यले?"

* * *

आता हा मागच्या आठवड्यातला.

त्या दिवशी टोपीच्या पेपरची पाळी आधी होती. कागदाच्या टंचाईनं पेपरांची पानं कमी झाली आहेत. गावाकडून लोकांनी पाठवलेल्या बातम्या पडून राहतात आणि जागा मिळेल तेव्हा छापून येतात. शेवटच्या पानावर अशाच बारीक बातम्या होत्या. मी एकीवर बोट ठेवलं.

"रि... सो... ड... ये... थी... ल..."

आपल्या गावाचं नाव आलं म्हणताना दोन्ही बाकं पुढं सरकली.

"सभा झाली."

"सैन्यात भरती झाली."

"शिं... पी..."

"नाम्या," रामजीकाका एकदम म्हणाले, "ते सोड. वरचं वाच."

"काहून सोडू?"

"मी म्हनतो म्हनून सोड."

मला वाटलं, टोपीवाल्यांच्या विरुद्ध काहीतरी चुकून छापलं गेलं आहे आणि काका ते लपवत आहेत. एकदा धरलं की मी सोडत नाही. बोट तिथंच दाबून धरलं.

"श्री... स... खा..."

पुढचं ओळखायला कुणी तोंड उघडलं नाही. चाचा दारात विडी ओढत होता, त्यानं ती खाली टाकून पायानं विझवली. मला थांबता आलं असतं, पण आता थांबलो तर पुन्हा कधी वाचता येणार नाही असं वाटलं. मी एकेक अक्षर लावत गेलो. रिसोड येथील शिंपी श्री. सखाराम हे अल्पशा तापाने वारले. ते आमच्या पत्राचे एकनिष्ठ वाचक व आमच्या मतांचे कट्टर अभिमानी होते.

'वारले' हा शब्द सोपा आहे. साधी तीन अक्षरं. मला तोच लावायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

"मीच धाडली होती बातमी," रामजीकाका जमिनीकडे पाहत म्हणाले. "तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मी डाव्या बाकाकडे पाहिलं. देशमुखांच्या मिशा हलत होत्या. दादाला टोपीवाल्यांनी आपला करून टाकलं, तेही छापून, आणि मी ते भर दुकानात वाचून दाखवलं. आता हे बाक उठणार. उठलं की पुन्हा ओसरी, पुन्हा अडत. मी पेपर घट्ट धरून बसलो होतो. दादानं इतकी वर्षं सांभाळलेलं मी माझ्या हातानं, माझ्या बोटानं मोडलं.

देशमुख उठले. पण दाराकडे गेले नाहीत. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक कागद काढला. पगडीच्या पेपरचं पान होतं. महिन्यापूर्वीचं, बाकं रिकामी होती तेव्हाचं. घड्यांवर इतकं झिजलेलं की उघडताना दादाच्या मापाच्या कागदासारखे त्याचे तुकडे होतील असं वाटलं. त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"हेबी वाच."

मी बोट ठेवलं. रिसोड येथील शिंपी श्री. सखाराम. एकनिष्ठ वाचक. आमच्या मतांचे कट्टर अभिमानी.

वाचून झालं. मी मान वर केली नाही.

मग रामजीकाका म्हणाले, "पुन्हा एकडाव वाच."

"कोनतं?"

"देशमुखाचं."

मी वाचलं. देशमुख डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर ते म्हणाले,

"आता रामजीचं."